डाव्या कोपऱ्यातला रतन

वर्तकनगर, ठाणे
१४ नोव्हेंबर २०२५

सुदेश,

वर 'दादा' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. फोन करणार होतो, पण फोनवर तू "हं, बोल, बोल" करत सगळं ऐकून घेतोस आणि शेवटी "आईला दे" म्हणतोस. कागद आईला देता येणार नाही. पुण्याचा पत्ता तिच्याच डायरीतून घेतला.

काल तुझी मुलाखत पाहिली. मी बाळकुमच्या ज्या टॉवरमध्ये क्लबहाउस सांभाळतो, तिथल्या जिममध्ये टीव्ही दिवसभर चालू असतो. मी टॉवेलांच्या घड्या घालत होतो. खाली पट्टी आली, आठ सीझननंतर कबड्डीपटू सुदेश निवृत्त. मग तू आलास. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, या प्रवासात सगळ्यात जास्त कोण आठवतं? आणि तू खाली मान घालून म्हणालास, "माझा धाकटा भाऊ ऋतुराज. माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. कापूरबावडीला बाईक घसरली आणि त्याचा गुडघा गेला. त्या दिवसापासून मी दोघांसाठी खेळलो."

ट्रेडमिलवर सी विंगचे आपटे होते. त्यांनी मशीन बंद केलं, घाम पुसला आणि मला म्हणाले, "केवढा जीव आहे हो तुमच्या भावाचा तुमच्यावर." मी त्यांना टॉवेल दिला. दुसरं काय देणार होतो?

माझ्याकडे बाईक नव्हती, सुदेश. आजही नाही. मला बाईक चालवता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? बाईक होती आपल्या क्रीडा मंडळाच्या गणूची, आणि तीसुद्धा कुठे घसरलेली नव्हती. हॉस्पिटलच्या गेटबाहेर त्याने स्वतः दगड घेऊन तिचा इंडिकेटर फोडला, कोणी बघायला आलं तर दिसायला हवं म्हणून. नंतर वर्षभर तो इंडिकेटरशिवाय फिरला.

तुला खोटं इतकं पाठ झालंय की खरं काय ते मी लिहून काढतो. जपून ठेव.

जानेवारी २०१८. रविवार, दुपारचे चार. बाळकुमच्या मैदानावर पाणवठा चषकाची फायनल, आपलं पाणवठा क्रीडा मंडळ आणि कल्याणचा संघ. तुला लीगच्या लिलावात घेऊन तीन महिने झालेले. करारात स्पष्ट होतं, बाहेरचा एकही सामना खेळायचा नाही. आठ दिवसांनी तुझं शिबिर सुरू होणार होतं. पण कल्याणवाल्यांनी आपल्याला चार वर्षं सलग हरवलेलं आणि मंडळाला तू डाव्या कोपऱ्यात हवा होतास. म्हणून गुण लिहिणाऱ्या बाळकाकांनी कागदावर तुझ्या जागी रतनचं नाव लिहिलं. आपल्या मामाचा रतन. तो त्या दिवशी खेडला कलमांवर फवारणी करत होता. कबड्डी तो आयुष्यात खेळलेला नाही.

माइकवरून सांगितलं गेलं, "डाव्या कोपऱ्यात, खेडहून खास आलेले रतन," आणि सगळं मैदान हसलं. पंचसुद्धा हसले. मग अध्यक्ष म्हणाले, कोणी मोबाइल बाहेर काढायचा नाही. एकानेही काढला नाही. तीनशे माणसांनी तुला पाहिलं आणि त्या तीनशेंनी तुला पाहिलंच नाही. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. आपलं गाव, आपली माणसं.

शेवटची मिनिटं, एका गुणाने आपण पुढे. कल्याणचा महेंद्र चढाईला आला. तू कोपऱ्यात, मी तुझ्या शेजारी कव्हरला, आपली साखळी. लहानपणापासूनची. तुझा उजवा हात, माझा डावा. एकदा दाबला की थांब, दोनदा दाबला की जा. तू दोनदा दाबलास. आपण गेलो.

आणि हात सुटला.

पुढचं तुला माहीत आहे. त्या माणसाचं सगळं वजन माझ्या उजव्या गुडघ्यावर आलं. आवाज आला, तो पहिल्या रांगेतल्या बायकांनीसुद्धा ऐकला. पकड झाली, सामना आपण जिंकला. ढोल वाजत होते, आणि मी मातीत पडून बघत होतो की तू उठलास, हात झटकलेस आणि स्वतःचा खांदा चाचपून पाहिलास. आधी स्वतःचा खांदा.

आठ वर्षांत तू एकदाही ठाण्याला आला नाहीस. पुण्याहून तीन तास. आईला तुझ्याकडे न्यायला ड्रायव्हर येतो. आता टीव्हीवर डोळे पुसतोयस. ती मुलाखत दुरुस्त कर. कशी करायची ते तुझं तू बघ.

ऋतुराज

वर्तकनगर, ठाणे
२ डिसेंबर २०२५

सुदेश,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. "हात माझ्या हातून सुटला हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तिकडे येववत नाही. पण सामना आता उकरून काय मिळणार? तू स्वतःच मला बोलावलेलंस."

हो, मी बोलावलेलं. तू नाही म्हणत होतास. मी तुझ्या मागे मागे वर्तकनगर नाक्यापर्यंत आलेलो, एकच मॅच दादा, एकच मॅच करत. ते मी नाकारत नाही. पण मी तुला मैदानावर बोलावलेलं, हॉस्पिटलमध्ये खोटं बोलायला बोलावलेलं नाही.

आणि काय मिळणार म्हणून विचारतोस, तर काय गेलं ते आधी ऐक. फक्त गुडघा गेला असं तुला वाटतं.

त्या सामन्यानंतर पंधरा दिवसांनी माझी एका बँकेच्या संघासाठी निवड चाचणी होती. पत्र आलेलं, आईने देव्हाऱ्यात ठेवलेलं. डोंबिवलीचा शौनक आठवतोय? त्याच वर्षी सामन्यात त्याचा खांदा निखळला. त्याने सामन्याचा कागद आणि डॉक्टरचा कागद दोन्ही नेऊन दिले. बँकेने त्याची जागा वर्षभर ठेवली, कारण खेळाडू खेळताना जायबंदी झाला होता. पुढे तो चार वर्षं त्यांच्याकडून खेळला. आज डोंबिवलीच्या शाखेत केबिनमध्ये बसतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "तुझं बॅड लक यार, तू तर बाईकवरून पडलास."

मी बँकेत कुबड्या घेऊन गेलो तेव्हा साहेबांनी माझा डिस्चार्जचा कागद वाचला. दुचाकी अपघात. त्यांनी तो नीट घडी करून परत दिला. म्हणाले, सामन्यात लागलं असतं तर आम्ही काही करू शकलो असतो. सामन्यातच लागलंय, हे वाक्य माझ्या तोंडात होतं. ते बोललो असतो तर त्यांनी सामन्याचा कागद मागितला असता. कागदावर रतन. शेजारी खेळत होता त्या रतनला साक्षीला बोलवा, म्हणाले असते. मग तू संपला असतास, पहिला सीझन खेळायच्या आधीच. मी म्हटलं बरोबर आहे साहेब, आणि रिक्षा करून घरी आलो. जिना चढायला वीस मिनिटं लागली.

म्हणजे तुझी आठ वर्षं माझ्या त्या वाक्यावर उभी आहेत. पहिल्या सीझनला तू बाकावर होतास. तिसऱ्याला सर्वोत्तम पकडीचं बक्षीस, मग संघ बदलला, पुन्हा बदलला, एका वर्षी कप्तान झालास. सगळे सामने मी पाहिलेत, हे आईला विचार. आवाज बंद करून बघायचो. दर सीझनला तुझ्या शेजारी नवीन कव्हर असायचा. मी त्या पोरांचे हात बघायचो. तू एकाचाही हात कधी सोडला नाहीस.

तेव्हा मला इतका राग यायचा की योगिनी टीव्ही बंद करायची. लग्नाला चार वर्षं झाली, तिलासुद्धा मी बाईकच सांगितलेली. या पत्राच्या आधी तिला खरं सांगितलं. तिने हातातलं काम संपवलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघं भाऊ सारखेच."

मंडळ चार जानेवारीला बाळकुमच्या मैदानावर तुझा सत्कार करतंय. बोर्ड लागलेत, मला दिवसातून चार वेळा त्यांच्याखालून जावं लागतं. तू येणार आहेस असं आई सांगत होती. ये. त्याच मैदानावर, त्याच माइकवर सांग. आपलं बाकीचं मग बघू.

ऋतुराज

१९ डिसेंबर २०२५

सुदेश,

युवा संघाच्या प्रशिक्षकपदाचं पत्र जानेवारीअखेर हातात येईल, तोवर थांब, मग तू म्हणशील ते करतो, असं तू लिहिलंस.

२०१८ मध्ये शिबिर होईपर्यंत थांब म्हणालेलास. मग पहिला सीझन होईपर्यंत थांब. मग आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत. मी थांबण्यात इतका तरबेज झालोय की त्याचीच स्पर्धा भरवा.

चार तारखेला बोलायचं असेल तर ये. नाहीतर मी माइक घेईन. बाळकाकांकडे तो गुणांचा कागद अजून आहे, मी काल जाऊन बघून आलो. रतनच्या नावावर पाच पकडी आहेत.

ऋतुराज

वर्तकनगर, ठाणे
१२ जानेवारी २०२६

दादा,

चार तारखेला मी मैदानावर आलो नाही. तू घरी आलास तेव्हाही नव्हतो. आईने सांगितलं की तू तासभर बसलास, पोहे खाल्लेस, माझी ती जुनी गुडघ्याची पट्टी खुंटीवर बघून उठलास. मी क्लबहाउसच्या गच्चीवर होतो. पाण्याच्या टाकीमागे लपून बसलेलो, तिथून मैदान दिसत नाही पण माइक स्पष्ट ऐकू येतो. एकतीस वर्षांचा माणूस टाकीमागे.

अध्यक्षांचं भाषण ऐकलं. शाल, नारळ, टाळ्या सगळं ऐकलं. मग तुझा आवाज आला. तू म्हणालास, "आठ वर्षांपूर्वी याच मैदानावर मी दुसऱ्याच्या नावाने खेळलो. तुम्ही सगळे होतात. माझ्या भावाचा गुडघा बाईकवरून पडून गेलेला नाही. तो इथे, डाव्या कोपऱ्यात गेला. मी त्याचा हात सोडला. नंतर मी खोटं बोललो आणि त्याला बोलायला लावलं."

एक टाळी वाजली नाही. कोणीतरी माइक बंद केला, खट्ट आवाज आला. या वेळी मोबाइल बाहेर होते. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे गेलं. आपटे मला लिफ्टमध्ये भेटले आणि मजल्याचे आकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी युवा संघाने तुझी नेमणूक थांबवली. मंडळाला कबड्डी संघटनेची नोटीस आली, तुला आणि मलाही चौकशीला बोलावलंय. गणू भेटला तर म्हणाला, "झालं समाधान?"

मला ते हवं होतं. रोज रात्री झोपताना मी ते भाषण मनात तुझ्याकडून म्हणून घ्यायचो. शब्दसुद्धा जवळपास तेच. आणि तू ते बोललास तेव्हा मी टाकीमागे बसून हातांनी कान झाकले, कारण त्यातलं एक वाक्य खोटं होतं आणि ते तुझ्या तोंडात मी घातलेलं.

पहिल्या पत्रात मी काय लिहिलंय ते काढून बघ. हात सुटला, एवढंच लिहिलंय. तू सोडलास असं मी एकाही पत्रात लिहिलेलं नाही. तेवढी हुशारी मी ठेवलेली.

हात मी सोडला, दादा.

तू दोनदा दाबलास, आपण गेलो, तू महेंद्रचा घोटा धरायला खाली वाकलास. त्याने रेषेकडे वळायच्या ऐवजी तुझ्या अंगावर उडी घेतली. तुझी मान खाली होती, तुला दिसत नव्हतं. मला दिसलं. तो पडणार तो तुझ्या मानेवर आणि खांद्यावर. साखळी धरलेली असती तर तुला बाजूला होता आलं नसतं. आठ दिवसांनी तुझं शिबिर होतं. मी हात सोडला, तुला ढकललं आणि मधे पाय घातला. विचार केला असं म्हणणार नाही. पण चुकूनही सुटला नाही. बोटं मी उघडली. तुझ्या हाताला घाम होता, माती होती. तुला वाटलं तुझ्याच हातून निसटला.

हॉस्पिटलमध्ये स्ट्रेचरजवळ तू रडत होतास. "माझ्या हातून सुटला रे, माझ्या हातून सुटला." मी सांगणारच होतो. वेडा आहेस का, मी सोडला, असं म्हणायला तोंड उघडलेलं. तेवढ्यात डॉक्टर आले, त्यांनी विचारलं कसं लागलं, आणि माझ्या आधी तू बोललास. "बाईक घसरली." एका दमात. डोळे पुसायच्या आधी. तुला वाचवायला मी गुडघा दिलेला आणि तू तो गुडघा गणूच्या बाईकवर टाकून मोकळा झालास.

त्या क्षणी मी तोंड मिटलं. ठरवलं, रड. रड आयुष्यभर.

आणि तू रडलास, हे मला दिसत होतं. सणाला आला नाहीस, लग्नाला आला नाहीस, फोनवर माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलला नाहीस. मी सगळ्यांना सांगायचो, मोठा झालाय, विसरला. मला माहीत होतं का येत नाहीस ते. एका वाक्यात तुला घरी आणता आलं असतं. मी ते वाक्य आठ वर्षं दाबून ठेवलं, कारण तुझं ते तोंड लपवणं मला पुरत होतं. माझ्याकडे बँक नव्हती, खेळ नव्हता, पण माझा भाऊ माझ्यापुढे मान वर करू शकत नाही, एवढं होतं.

योगिनीला हे काल सांगितलं. ती म्हणाली, "पत्रं लिहिणं आता बस झालं." म्हणून हे शेवटचं.

माफी वगैरे मागायची मला सवय नाही आणि राग गेलाय असंही समजू नकोस. बाईकचा राग आहे तसाच आहे. मी ज्याच्यासाठी बोटं उघडली त्याने माझ्यासाठी डॉक्टरला एक खरं वाक्य सांगायला हवं होतं. ते तुझं तुझ्याकडे. पण हात माझ्याकडे आहे आणि त्याची शिक्षा तू भोगायची नाहीस. माझा जबाब मी लिहून ठेवलाय. बाळकाकांनी गुणांचा तो कागद दिलाय. त्यावर रतनचं नाव त्यांनी स्वतः खोडलं, वर तुझं लिहिलं आणि शेजारी सही केली. सही करताना म्हणाले, पाच नाही रे, पकडी सहा होत्या. शेवटची दोघांच्या नावावर लिहायची राहिली.

याने तुझी नेमणूक परत मिळेल असं मला वाटत नाही. करार मोडला तो मोडलाच. मिळाली नाही तर बाळकुमच्या मैदानावर पोरं रविवारी सकाळी खेळतात, त्यांना साखळी धरता येत नाही, एकमेकांची मनगटं पकडतात. मी बाहेर खुर्चीवर बसून ओरडतो, पण कोणी तरी आत उतरून दाखवायला लागतं.

चौकशी ठाण्याला बावीस तारखेला, साडेदहा वाजता आहे. तू आदल्या दिवशी घरी ये. ड्रायव्हर नको, तू ये. सकाळी इथूनच दोघं रिक्षाने जाऊ. आत गेल्यावर ते विचारतील, गुडघ्याला कसं लागलं. तेव्हा तू गप्प बसायचं. या वेळी आधी मी बोलणार.

तुझा,
ऋतुराज